बत्तीस बोअर

टिण्. दुपारच्या शांततेत मोरीच्या फरशीवर पितळेचं काहीतरी पडलं. सोनालीचा हळदीच्या दिवशीचा फ्रॉक पिळताना खिशातून निसटलं होतं. जयश्रीनं उचलून पाहिलं. काडतुसाची रिकामी नळी.

"मोठेपप्पांनी दिली. फुंकली की शिट्टी वाजते," पाच वर्षांची सोनाली म्हणाली.

मोठेपप्पा म्हणजे जयश्रीचा थोरला दीर, धर्मेंद्र. कतारगामच्या हिऱ्यांच्या कारखान्यावर गनमॅन. परवा नणंदेच्या हळदीत नाचता नाचता त्यानं बार उडवला, आणि मागच्या गल्लीत गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या चंपाबाईंच्या खांद्यात गोळी घुसली. पोलीस आले, तेव्हा डीजेच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. जयश्रीनंही.

ती नळी घेऊन ती बाहेर आली. धर्मेंद्र जेवत होता.

"फेक ते. बत्तीस बोअर! सव्वाशे वर्षं जुन्या बनावटीचं, मवाळ काडतूस. चिमणी मरत नाही त्यानं. आणि वर मारलेली गोळी दमूनच पडते."

"सरळ वर मारली तर दमते, भाऊ. तुमचा हात तिरका होता. तिरकी गोळी जोर राखून उतरते. माझ्या बाबांनी वरणगावच्या फॅक्टरीत तीस वर्षं काडतुसंच तपासली. या नळीच्या बुडाला तुमच्या रिव्हॉल्वरच्या घोड्याचा ठसा आहे. लपवायचंच होतं, तर माझ्या पोरीच्या हातात का दिलीत?"

"घरनी गोट घरमा ऱ्हाऊ दे, बाई," सासू उषाबाई कळवळल्या. "त्यानी बंदूकनं लायसन जाई."

"चंपाबाईंचा हात गेलाय, आत्या."

"ठाण्यात गेलीस तर परत इथं पाय ठेवायचा नाही," धर्मेंद्र ताट सारून उठला. "खोली माझ्या नावावर आहे."

जयश्रीनं नवऱ्याकडे पाहिलं. रातपाळीची झोप सोडून उठलेला गोपाल दारात उभा राहून फरशी बघत होता.

"नाही ठेवत," ती म्हणाली.

मग सगळ्यांसमोर बसून तिनं सोनालीची वेणी घातली. घाई न करता, दोन्ही रिबिनी बांधून, कपाळावरचे भुरभुरते केस ओल्या बोटानं मागे सारून. नळी रुमालात गुंडाळली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्याला "पोलीस स्टेशन" असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की ओट्यावरच्या बायका वळल्या. बघू देत.

रिक्षा निघाली. सोनाली मांडीवर सरकली, आईची हनुवटी धरून तिनं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, आज आपण झोपायचं कुठे?"