चॅम्पियनच्या आईचे मशीन

मी एक जुने शिवणाचे मशीन आहे. पायाने चालवायचे नव्हे बरे का, हाताने फिरवायचे. माझ्या उजव्या अंगाला एक हँडल आहे. ते फिरवले की सुई वरखाली होते. रंगाने मी काळे, पाठीवर सोनेरी वेलबुट्टी, आणि ती आता निम्मी पुसली गेली आहे. झोपायला लाकडी पेटी आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय? असली मशिने घरोघरी पडली आहेत. खरे आहे. पण माझ्या हँडलवर दोन चॅम्पियन बायकांचे हात फिरले आहेत. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंड वितळवून साच्यात ओतले, घासले, रंगवले आणि मला दुकानाच्या काचेमागे नेऊन बसवले. येणारेजाणारे पायमशिनांकडे वळायचे, माझ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मग एक दिवस एक तरुण बाई आली. तिने माझे हँडल फिरवले, कान माझ्या अंगाजवळ आणला आणि म्हणाली, "हेच द्या. ह्याचा आवाज गोड आहे." आता सांगा, अशा बाईसाठी मी जीव का टाकू नये? पुढे तिला मुलगी झाली आणि तेव्हापासून मीही तिला आईच म्हणते.

आई शाळेतल्या मुलांचे गणवेश शिवायची. कापड जरा जास्तच घ्यायचे आणि आत दुमडून ठेवायचे, हा तिचा नियम. "वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षी उसवून मोठं करता येईल," असे ती प्रत्येक आईबापाला सांगायची. लोक खूश व्हायचे. दोन दोन वर्षे एकच गणवेश चालायचा.

तिची लेक मात्र जन्मली ती काडीसारखी. सगळे तिला बारकी म्हणू लागले आणि तेच नाव चिकटले. घरात दोघीच. बारकीचा हात माझ्यापर्यंत पोचू लागला तशी ती हँडल फिरवायला बसू लागली, म्हणजे आईचे दोन्ही हात कापडाला मोकळे. लेक फिरवतेय, आई शिवतेय, मी आपले खटखट करतेय. काय दिवस होते ते!

मग बाजारात तयार गणवेश आले आणि माझे दिवस फिरले. माझी पेटी बंद झाली. तिच्यावर आधी इस्त्री आली, मग वर्तमानपत्रांची रद्दी, मग एक कुंडी. कुंडीला पाणी घातले की थेंब थेंब माझ्या पेटीत झिरपायचे. गंज चढेल या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता. कुणाला सांगणार? मशीनची दुखणी कोण विचारतो?

तोवर बारकी मोठी झाली होती. तिला एका गोदामात खोकी उचलायची नोकरी लागली. गोदामाच्या वरच्या मजल्यावर जिम होती. एकदा सहज म्हणून ती वर गेली आणि तिथलीच होऊन बसली. तिथे शिकवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. पहिल्या दिवसाची गंमत बारकीने घरी येऊन सांगितली, ती मी पेटीतून ऐकली. मॅडमनी टेप लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"उजवा दंड डाव्यापेक्षा चांगलाच भरलाय. कशाने गं?"

"मशीन फिरवून."

"कुठलं? खालच्या गोदामातलं?"

"आईचं, शिवणाचं."

मॅडम पोट धरून हसल्या म्हणे. पण शरीरसौष्ठवाच्या या खेळात दोन्ही बाजू सारख्या लागतात. उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे चालत नाही. मग वर्षभर डाव्या हाताला दुप्पट काम. म्हणजे बघा मित्रांनो, बारकीचा उजवा दंड मी घडवला आणि बाकीची बारकी तिने स्वतः घडवली. निदान माझा तरी हिशेब असा आहे.

स्पर्धेत उतरायचे ठरले तेव्हा पोशाखाचा प्रश्न आला. मंचावर स्नायू दिसले पाहिजेत, म्हणून पोशाख अगदी तोकडा असतो. तयार पोशाख बारकीला बसेनात. खांदे रुंद, कंबर एवढीशी. शेवटी आईने कुंडी उचलली, रद्दी बाजूला केली आणि मला बाहेर काढले. तेल घातले. अहाहा! ते पहिले तेल सांध्यांत उतरले तेव्हा मला रडूच आले असते, पण मशीनला रडता येत नाही.

आईने कागदावरचे चित्र बघितले आणि तोंडावर हात ठेवला. "ह्याला पोशाख म्हणायचं? मग रुमालाला चादर म्हणा!"

"आई, अगं नियमच आहे तसा."

"असेल. कापड कुठंय? की तेपण नियमात बसत नाही?"

कुरकुर करत का होईना, तिने शिवला. शेजारच्या काकू डोकावल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, "मुलीच्या जातीला शोभतं का हे?" त्यावर आईने दोरा दाताने तोडला. "तुमचा गॅस सिलिंडर दोन जिने कोण चढवून देतं? माझीच पोर ना? तेव्हा बरं शोभतं!" काकू आल्या पावली घरी गेल्या.

पहिला पोशाख मात्र फसला. बारकीने घालून बघितला, पाठ ताणली आणि टर्र! कापड ताणले जाणारे, माझी टीप सरळ. कापड वाढले, दोरा वाढला नाही. माझी तर मान खाली गेली. आईने दोन दिवस डोके लावले आणि युक्ती काढली. कापड दोन्ही हातांनी ताणून धरायचे आणि तसे ताणलेले असतानाच टीप मारायची. त्याला दोन्ही हात लागतात, म्हणून हँडलवर पुन्हा बारकी बसली. पूर्वीसारखीच, फक्त आता तिच्या हाताखाली माझे हँडल काडीएवढे वाटायचे.

बारकी जिंकत गेली. आधी हौशी स्पर्धकांत, मग ज्यांचा हाच पेशा आहे अशा व्यावसायिकांत. एका वर्षी तर तिने सगळ्यांत मोठा किताब आणला. फळीवर चषक मावेनात. आई ते रोज पुसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, पण स्पर्धा बघायला एकदाही गेली नाही. बारकी दर वेळी विचारायची आणि आई दर वेळी म्हणायची, "नाही गं बाई. पाच लोकांत तू अशी उभी राहणार आणि लोक तुला नखशिखान्त बघणार, ते मला सोसायचं नाही. पोशाख शिवते ना, बास झालं." बारकी हसून विषय बदलायची. पण नंतर हँडल फिरवताना तिचा हात जड पडायचा, ते मला कळायचे. चषक कितीही आले तरी पोरीला एकच हवे होते. आईने एकदा समोर उभे राहून बघावे.

पुढच्या वर्षी ती मोठी स्पर्धा आमच्याच शहरात आली. आईने गडद निळा पोशाख शिवायला घेतला. स्पर्धा जवळ आली की या बायका मोजून मापून खातात, शेवटी पाणीसुद्धा कमी करतात. अंग सुकते, म्हणजे प्रत्येक स्नायू वेगळा दिसतो. म्हणून बारकी बजावून गेली होती, "आई, मापापेक्षा लहान शिव हं. मी अजून उतरणार आहे." आईने मान डोलवली खरी. पण लेकीचे गाल बसलेले तिला बघवत नव्हते. "स्पर्धा झाली की पोर चार घास खाईल, अंग भरेल, मग नको का बसायला?" असे पुटपुटत तिने पोशाख अंमळ सैलच ठेवला. बारकी गोदामात असताना ती एकटीच, एका हाताने कापड कसेबसे ताणून दुसऱ्याने हँडल फिरवत, हे करत होती. मला कळत होते. पण मी काय बोलणार?

अंगाला तपकिरी रंग लावतात, त्याचा डाग पडू नये म्हणून नवा पोशाख शेवटपर्यंत चढवत नाहीत. त्यामुळे व्हायचे तेच झाले. स्पर्धेच्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. "काकू, पोशाख ढिला झालाय. पाठ वळवली की झोळी होते. जुना गेल्या वर्षीच उसवलाय. टाचण्या लावून मंचावर जाता येत नाही. काय करू?"

 "मीच केलं हे," आई एवढेच म्हणाली. मग मला पेटीत घातले, कडी लावली आणि पेटी उचलून चालू लागली. मित्रांनो, तोवर मी घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. टॅक्सीत आईच्या मांडीवर बसून मी सगळे शहर ऐकले.

मंचामागे आईने पेटी उघडली, तर काय गर्दी! रंगाने चकाकणाऱ्या, अनवाणी बायका. कुणी रबरी पट्टे ताणतेय, कुणी जमिनीवर दंड काढतेय. इतके भरलेले हात मी एका जागी कधी बघितले नव्हते. मला वाटले, यातल्या एकेकीला लहानपणी एकेक मशीन मिळाले असणार.

"आई! तू आलीस?" चादर गुंडाळून बसलेली बारकी ताडकन उठली.

"मी मशीन घेऊन आलेय. बडबड नको, आण तो इकडे."

खोलीत उजेड नव्हता. म्हणून टेबल पडद्याच्या कडेला ओढले. तिथे मंचावरचा उजेड येत होता. आईने खुर्ची मुद्दाम मंचाकडे पाठ येईल अशी ठेवली. बाजूच्या टिपा उसवल्या, कापड कापले. आता हँडल कोण फिरवणार? बारकीच्या आणि मॅडमच्या हातांचा रंग अजून ओला होता.

"माझे हात वाळलेत. मी फिरवते, मावशी," मागून आवाज आला. ती केसांत रुपेरी बटा असलेली एक बाई होती. सगळ्या तिला ताई म्हणत. किताब आधी तिचाच होता आणि गेल्या वर्षी बारकीने तो तिच्याकडून घेतला होता.

ताईने हँडल धरले मात्र, माझी सुई पळतच सुटली.

"अगं हळू!" आई ओरडली. "इथे तुला कुणी मार्क देत नाहीये!"

ताई हसली आणि हात सैल सोडला. आईने कापड ताणून धरले. काही टाके पडल्यावर तिला राहवले नाही. "तू तर तिच्यासमोर उभी राहणार ना? मग ही मदत कशाला?"

"ढिल्या पोशाखाला हरवून मी काय मिळवू? मला तिलाच हरवायचंय." मग ताईने विचारले, "तुम्ही कधीच बघितलं नाही म्हणे तिला?"

"लोक तिला असं बघतात, ते मला नाही सोसत."

"आम्ही बघू देतो म्हणून बघतात, मावशी. वर्षभर खपतो ते त्याचसाठी."

 आईने शेवटची टीप मारली, दोरा तोडला आणि पोशाख बारकीच्या हातात दिला. तो अंगावर चोख बसला. थोड्याच वेळात बारकीचा पुकारा झाला.

"झालं माझं. निघते मी," आई म्हणाली आणि माझी पेटी ओढली. पण पेटी तशीच राहिली. "घाईची टीप आहे. पाठ पसरली की टिकेल ना? शिलाई तेवढी बघते," असे म्हणत ती उठली आणि वळली.

मंचावर बारकी परीक्षकांकडे पाठ करून उभी होती. तिने दोन्ही मुठी कमरेवर टेकवल्या आणि हळूहळू पाठ उघडली. किती रुंद, किती बांधीव! एकेक स्नायू जागा झाला. सभागृहातून आरोळी उठली. आईचा हात माझ्या हँडलवर होता. तो इतका घट्ट आवळला गेला की हँडल अर्धे फिरले आणि माझी सुई कापडाविनाच खाली गेली.

"अगं बाई," आई म्हणाली. "अगं बाई गं. ही माझी बारकी?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला तिला सवड नव्हती. ती बघत होती.

बारकी धापा टाकत आत आली ती सरळ आमच्याकडे. "आई, टीप टिकली ना?"

"कोण टीप बघतंय इथे! बघायची राहूनच गेली."

 बारकीने आईला असे काही कवटाळले की आईच्या कपड्यांवर तपकिरी रंगाचे दोन पंजे उठले. धुऊनही ते गेले नाहीत आणि आईने फार धुतलेही नाहीत.

त्या दिवशी पहिली ताई आली आणि बारकी दुसरी. आईने एवढा गोंधळ घातला की विचारू नका. "परीक्षकांना चष्मे द्या कुणीतरी!" ताईने येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, पाठ तिचीच भारी. पण पाय माझे." आई म्हणाली, "तुझे पाय बघितले मी. चांगले आहेत. पण पोशाखाचा कापडवाला बदल." तेव्हापासून ताईचा पोशाखही मीच शिवते. पुढच्या वर्षी किताब पुन्हा आमच्या फळीवर आला.

आता आई एकही स्पर्धा सोडत नाही. दर वेळी मला तेल पाजते आणि पेटीत घालून सोबत नेते. "ऐन वेळी काही उसवलं तर?" असे सगळ्यांना सांगते. आजवर काही उसवलेले नाही. मी पहिल्या रांगेत तिच्या पायांशी बसते.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याच्या डोक्यावर कुंडी ठेवू नका. महिन्यातून दोन थेंब तेल द्या. आणि घरातले कुणी जीव तोडून काही करत असेल तर एकदा जाऊन बघा. जायला संकोच वाटला, तर मला उचला आणि शिलाई बघायला आलो म्हणून सांगा.