झुंबरबाईंच्या ओसरीवरचा देवमासा

मी तापट आहे, हे आमच्या बीबी गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या श्रावणात जो घोटाळा झाला तो माझ्या तापटपणामुळे नाही, फाजील काळजीमुळे झाला. म्हणूनच तो मला जास्त झोंबतो.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्याकडून आमच्या शाळेला एक पुस्तक आलं. त्यात धडे नव्हते, राजाराणीच्या गोष्टी नव्हत्या. जगात काय काय असतं ते अगदी लहान पोरांना सांगायचं, एवढंच त्याचं काम. प्रत्येक पानावर दोन-चार ओळी आणि एक चित्र. सूर्य, गाय, हत्ती, मग उंट, बर्फाचा डोंगर, आगगाडी, समुद्र, जहाज, देवमासा. आमच्या पोरांनी आगगाडीसुद्धा पाहिली नव्हती. बुलढाण्यालाच रूळ नाहीत, तर बीबीला कुठले? समुद्र तर मीही पाहिलेला नव्हता. पुस्तक हातात आलं आणि मी शाळेची घंटा द्यायची विसरून तेच बघत बसलो.

शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांनी पुस्तक देतानाच बजावलं होतं. तालुक्याच्या वाट्याला प्रत एकच. पोळ्यानंतर ते येणार, चित्रं दाखवणार. पहिलीतल्या पोरांनी ओळखली तर पुस्तक बीबीला राहील, नाहीतर डोणगावला जाईल. डोणगावच्या मास्तरांचं नाव काढलं की माझं डोकं सणकतं, आणि साहेबांनी ते मुद्दाम दोनदा काढलं.

शाळेचं छप्पर गळत होतं. म्हणून पुस्तक मी झुंबरबाईंकडे नेऊन दिलं आणि जपून ठेवा म्हणालो. झुंबरबाई सत्तरीच्या, मोठ्या शेतीच्या मालकीण, घर कसं कोरडं ठणठणीत. त्यांनी जपलं म्हणजे किती जपलं! त्यांच्या घरात पुस्तक म्हणजे पोथी. तांबड्या रुमालात बांधून ते देव्हाऱ्यात ठेवलं, वर तुळशीचं पान. दोन दिवसांनी मागायला गेलो तर म्हणाल्या, पोथी लावली आहे. त्यांचे दिवाणजी तुळशीराम यांनी पहिलं पान वाचूनही दाखवलं होतं. आता लावलेली पोथी समाप्तीआधी घराबाहेर नेत नाहीत, हे मलाही लहानपणापासून ठाऊक. आणि समाप्ती त्यांनी धरली होती पोळ्याला.

मी तडतडलो, हातवारे केले. बाई तसूभर हलल्या नाहीत. शेवटी तडजोड झाली: रोज दुपारी त्यांच्या ओसरीवर वाचायला मी बसायचं आणि पोरांनी ऐकायला यायचं. अट एकच, पोथीला पोरांनी बोट लावायचं नाही.

पहिल्या दुपारी सूर्याचं पान होतं. वाचून झाल्यावर पोरांना दिसावं म्हणून मी पुस्तक तोंडासमोर उंच धरलं. ऐकायला आलेल्या बायकांनी लगेच हात जोडले. सूर्यनारायणाला नमस्कार करण्यात गैर काय? दुसऱ्या दिवशी गाय, पुन्हा नमस्कार. तिसऱ्या दिवशी हत्ती, म्हणजे गणपतीच. तोवर बायकांना सवयच लागली. उंटालाही नमस्कार झाला. आगगाडी धरली तेव्हा त्या बायकांतल्या रुखमाबाईंनी ओसरीला कपाळ टेकवलं. मला हसू आवरेना, पण मी पुस्तकाआड होतो म्हणून निभावलं.

वाचन मात्र रंगत गेलं, हे मान्य केलं पाहिजे. पोथीत अडलं की विचारायचं, हा रिवाज. त्यामुळे बायका विचारायच्या आणि मला उत्तरं शोधावी लागायची. समुद्राचं एवढं पाणी देवानं खारट काऊन केलं, असं झुंबरबाईंनी विचारलं तेव्हा मी दोन दिवस मागून घेतले. पोरांना तर पानंच्या पानं तोंडपाठ झाली. मोतीराम माळ्याची सहा वर्षांची कोकिळा मेथीच्या जुड्या बांधता बांधता देवमाशाचं पान म्हणायची. मी मनातल्या मनात डोणगावच्या मास्तरांना रामराम घातला.

पोळ्यानंतर येणारे डिप्टीसाहेब पोळ्याच्या चार दिवस आधीच उगवले. पोथी हलवता येत नव्हती, म्हणून परीक्षा झुंबरबाईंच्या ओसरीवरच घ्यायची ठरली. पाच पोरं ओळीनं बसली. साहेबांनी पुस्तक घेतलं, उंटाचं पान काढलं आणि उंच धरलं.

पाचही पोरांनी हात जोडले आणि डोळे गच्च मिटले.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. महिनाभर मी पुस्तकाआड बसून हसत होतो, आणि पोरांनी एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. बायांचं बघून त्यांनीही रोज डोळे मिटले होते. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? कोकिळेनं मिटल्या डोळ्यांनी सांगितलं, सूर्य. पोथी सूर्यापासूनच सुरू होते ना! साहेबांनी देवमासा धरला, तर ती म्हणाली, गाय. साहेबांनी पुस्तक मिटलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोणगावला जाणारी वाट कशी आहे ते विचारलं.

मी पोरांवर ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या झुंबरबाई पुढे आल्या. त्यांचेही हात जोडलेलेच होते. ते त्यांनी खाली घेतले.

"डोये उघडा रे लेकरांनो," त्या म्हणाल्या. "साहेब, पुस्तक त्याइच्या हाती द्या. पोथीत खंड पडला तर तो माह्या माथी."

समाप्तीला चारच दिवस उरले होते. त्या बाईला हे किती जड गेलं असेल ते मला कळत होतं.

पुस्तक पोरांच्या मधोमध ठेवलं गेलं. पान देवमाशाचंच उघडलं. पोरं नुसती बघत राहिली. कोकिळेनं चित्रावर बोट ठेवलं, शेपटीपासून डोक्यापर्यंत हळूहळू फिरवलं.

"पाण्यात हाये," ती स्वतःशीच म्हणाली. "पाठीतून फवारा उडून राह्यला. म्हंजे श्वास घ्यायले वर आला. गुरुजी, हा देवमासा हाये!"

मग काय, धरण फुटल्यासारखं झालं. लांब पाय आणि पाठीवर वशिंड, म्हणजे उंट. धूर आणि डब्यांची माळ, म्हणजे आगगाडी. जे कधी पाहिलं नव्हतं ते पोरं नुसत्या ऐकलेल्यावरून ओळखत होती, एकमेकांच्या अंगावर पडत होती, पानं उलटत होती. साहेब उलटसुलट विचारून दमले. शेवटी त्यांनी शेरेबुक मागवलं, पुस्तक बीबीलाच राहील असं लिहिलं आणि चहाला थांबले. मला इतका आनंद झाला होता की डोणगावच्या मास्तरांबद्दलही मी दोन बरे शब्द बोललो.

साहेबांची बैलांची दमणी गेली. पोरं पुस्तक सोडायला तयार नव्हती. झुंबरबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. जराशानं हळूच म्हणाल्या, "मास्तर, डोये तं म्या बी मिटले होते."

कोकिळेनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं, पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि देवमाशाच्या पोटाखालचं पिल्लू दाखवलं. बाई वाकून पाहत राहिल्या. हळूहळू त्यांचा चेहरा फुलला.

"एवढं मोठं धूड," त्या हसत म्हणाल्या, "अन् मायचं दूधच पेते!"

आणि त्यांनी त्या पिल्लावर बोट ठेवलं.