कॉरिनचा मुक्काम

लाइल हचिन्सला एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहवत नसे. एकतीस वर्षं तो ओहायोत विजेच्या खांबांवर चढला, मग निवृत्त झाला आणि तीन महिन्यांत खुर्चीत बसून बसून असा खंगला, की त्याच्या बायकोनंच, कॉरिननं, घर विकून कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घ्यायचं काढलं. पिकअपच्या मागे तो कॅम्पर जोडून चौदा महिने दोघं फिरत होती. फ्लोरिडातल्या या झऱ्याकाठच्या कॅम्पवर मात्र चौथा दिवस उजाडला होता. नावेची तिकिटं मिळत नाहीत, असं कॉरिन रोज येऊन सांगायची. तोवर लाइलनं टायरमधली हवा सहा वेळा तपासली.

शेवटी आज तिकिटं मिळाली. नाव निघाली. काठावर मगरी ऊन खात पडल्या होत्या, तिरंदाज पक्षी पंख पसरून बसले होते. लाइल घड्याळ बघत होता. वळणावर कॅप्टन जूननं इंजिन बंद केलं. काचेसारख्या पाण्यात एक मॅनेटी, म्हशीएवढी समुद्रगाय, पिलाला पाजत वाटेतच तरंगत होती.

"ती हलेपर्यंत आपणही हलायचं नाही," जून म्हणाली. "इथला नियमच आहे, मंडळी."

"किती वेळ?" लाइलनं विचारलं.

"तिलाच विचारा, साहेब. मागे एकदा तासभर बसवलं होतं." लोक हसले. "काल आला असतात तर ऐसपैस बसला असतात. अर्धी नाव रिकामी होती."

लाइलनं कॉरिनकडे पाहिलं. ती पाण्याकडे बघत होती.

"तिकिटं होती?"

"होती."

"मग चार दिवस काय करत होतीस?"

"ऑफिसात जात होते." तिनं आवाज खाली आणला. "इथे कॅम्पवर देखरेखीला माणूस हवंय. नवीन आलेल्यांना जागा दाखवायची, झाडलोट करायची. बदल्यात कॅम्परला जागा फुकट. मी मार्चपर्यंत हो म्हटलंय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाडी काढली असतीस. लाइल, चौदा महिन्यांत मला एकाही शेजारणीचं नाव कळलेलं नाही."

त्याला उठून चालू लागायचं होतं, पण नावेत चालणार कुठे? गुडघा हलवत तो पंचवीस मिनिटं बसला. मॅनेटी पिलाला घेऊन बाजूला झाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानं नाही.

परतल्यावर त्यानं पाण्याची नळी सोडली, विजेची तार गुंडाळली, कॅम्पर जोडला. कॉरिन बाकावर बसून राहिली. "येतेस?" त्यानं खिडकीतून विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. तो निघाला.

सात-आठ मैलांवर मागून खळ्ळकन आवाज आला. कपाटाची कडी दर वेळी कॉरिन लावायची. आज ती लावायची राहिली होती. गाडी कडेला घेऊन त्यानं बशांचे तुकडे गोळा केले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी फळीवर नाही. दोन स्वेटरही नाहीत. कडी लावून तो पायरीवर बसला. ट्रक धडधडत जात होते. कुठे जायचं हे त्यानं ठरवलंच नव्हतं.

तासाभरानं तो परत आला तेव्हा कॉरिन एका म्हाताऱ्या जोडप्याला नळ दाखवत होती. ते गेल्यावर तो म्हणाला, "गोळ्या सकाळीच काढून ठेवल्या होत्यास."

"तू जाशील हे माहीत होतं. परत येशील की नाही, ते कळत नव्हतं."

"मार्चपर्यंत मला नाही जमायचं, कॉरिन. वेड लागेल."

"मग जा ना फिरायला. मी कुठे अडवलंय? कॅम्पर तेवढा ठेवून जा." ती थांबली. "आणि बशा फुटल्या असतील, त्या तूच आण."

त्यानं नळी पुन्हा जोडली. संध्याकाळी कॅम्पच्या रस्त्याला तीन फेऱ्या मारल्या, चौथी अर्ध्यावर सोडली. शुक्रवारी तो नुसती पिकअप घेऊन समुद्राकडे गेला, गाडीतच झोपला. येणार होता सोमवारी, आला रविवारी, दुपारच्या आत, चार निळ्या बशा घेऊन. कॉरिन एका शेजारणीशी बोलत उभी होती. तिनं त्याला हात केला आणि बोलणं पुरं केलं.