दोन जावांच्या मधली वीतभर माती

तळ्याचं पाणी चोरीला जात होतं, आणि चोर कोण हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. तिची धाकटी जाऊ. दुसरं कोण असणार?

तळं सगळ्या गावाने मिळून खोदलेलं. बांधही घराघराने वाटून घेतलेला. आपला तुकडा आपणच भरायचा, धुम्मसाने ठोकून घट्ट करायचा. तळ्याच्या नळाची किल्ली थोरलीच्या कमरेला. तरी पाणी रोज खाली खाली. आजच्या बैठकीत चोर सापडला नाही तर किल्ली जाणार होती. सापडला तर त्याच्या घरचं पाणी उन्हाळाभर बंद.

आणि इकडे बांधाखाली, धाकटीच्या परसात, भोपळ्याचा वेल असा माजलेला की त्याच्या सावलीत म्हणे म्हैस सहकुटुंब रवंथ करायची.

"काय गं, वेलाला दूध पाजतेस?" थोरलीने कुंपणावरून विचारलं.

"तुमची नजर असते ना जाऊबाई, तेवढ्यावरच वाढतो."

"बादल्या कुठे लपवल्यास?"

"शोधा की. चुलीत बघा, माझ्या अंबाड्यात बघा."

थोरलीने खरंच शोधलं. रांजण हुंगला, पिंप उलटं केलं. सगळं ठणठणीत कोरडं. तिचा संशय दुप्पट झाला; इतकं कोरडं घर लबाडाचंच. मग वेलाच्या मुळाशी हात घातला, तर गार चिखल. ती ओल धरत, कमरेत वाकून थोरली वर चढली, ती थेट बांधाशी; धाकटी मागोमाग. दोघींच्या तुकड्यांच्या मधे माती ढिसूळ होती आणि पाणी झिरपत होतं.

बांध ठोकला तेव्हा दोघींचा अबोला होता. मधली वीतभर माती तिची म्हणून हिने सोडली, हिची म्हणून तिने.

"तुझ्या बाजूला आहे," थोरली म्हणाली.

"तुमच्या."

लांबून बैठकीची माणसं येताना दिसली. धाकटीचं नाव घ्यावं, तर ती बांध दाखवणारच, आणि अर्धी चूक थोरलीचीच निघणार.

"धुम्मस आण."

"मी वळले की तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून मोकळ्या."

"मग दोघी आणू."

माणसं पोचली तेव्हा दोघी जावा एकच धुम्मस धरून दणादण ठोकत होत्या.

"चोर सापडला का?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"सापडला," थोरली म्हणाली. "पुरतोय त्याला."

पाण्याची गळती थांबली. किल्ली राहिली. भोपळा मात्र आठवड्यात सुकला, आणि जाऊबाईंनी तो सुकवायलाच एवढं ठोकलं, असं धाकटीला अजून वाटतं.