नुसते ओठ हलवा

चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो, आणि चारचौघांत बायकोलाही मंडळी म्हणायची रीत आहे. मला घरातली मंडळी पुरेशी होती. चर्चातल्या मंडळीला तोंड फार! रविवारी उपासनेला जायचो तो हिच्या धाकानं. नाहीतर मी कुलपं दुरुस्त करणारा माणूस, आपण बरे नि आपलं दुकान बरं.

त्यात गायनाच्या बाईंनी एकदा सगळ्यांदेखत ऐकवलं, "मिस्त्री, तुम्ही नुसते ओठ हलवा. तुमच्यामुळे अख्खा बाक बेसूर होतो." ही तोंडावर रुमाल धरून हसली. मी मात्र ते मनाला लावून घेतलं. एकवीस वर्षं नुसते ओठ हलवले.

साथ आली आणि चर्चला कुलूप लागलं. खोटं कशाला बोलू, मला हायसंच वाटलं. मग ही आजारी पडली. दवाखान्यात भेटायला बंदी. शेवटच्या फोनवर धापा टाकत म्हणाली, "मला मुक्यानं पोचवू नका हो. माझं गीत म्हणा." मी हो म्हणून बसलो.

दफनाला दोघांनाच परवानगी होती, पाळक आणि मी. पाळकांचा घसा बसलेला. त्यांनी कशीबशी प्रार्थना उरकली आणि माझ्याकडे पाहिलं. पेटी खाली गेली होती. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हिला दिलेला शब्द आता मोडतोय, असंच वाटलं. शेवटी डोळे मिटून सुरुवात केली आणि कुठल्या कुठे वर चढलो. पहिल्या ओळीतच दम संपला.

दुसरी ओळ भिंतीपलीकडून आली.

आवाज गायनाच्या बाईंचा होता. मागून आमच्या बाकावरच्या सुताराचा, मग नर्सबाईंचा, मग कितीतरी. पाळकांनी निरोप धाडला होता. रस्त्यावर दहा-दहा पावलांवर मास्क लावून सगळे उभे होते. अर्धा सूर हलला तरी आठ्या घालणाऱ्या बाई माझ्याच वेड्यावाकड्या पट्टीत गात होत्या, आणि बाकीचे त्यांच्यामागून. एकानंही सूर सुधारला नाही. मला रडू कोसळलं, तरी शेवटच्या कडव्यापर्यंत गायलो.

फाटकाबाहेर बाई लांबच उभ्या राहिल्या.

"बाई, फार वर चढलो ना?"

"चढलात की," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण मंडळी आली ना मागोमाग."