बॅगसकट तेवीस

मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, खाली आकडा, मध्ये गोल तबकडी आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. दिसायला मी ओबडधोबड आहे, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, एका गोष्टीचा मला गर्व आहे. आजवर मी कोणाला खोटे वजन दाखवलेले नाही.

अर्धापूरजवळ केळीची बाग असणाऱ्या भुजंगरावांनी मला नांदेडच्या बाजारातून आणले, तेव्हा माझा रंग लालभडक होता. केळी तोडायला आली की मला बांधावरच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगत. भरलेले क्रेट आकड्याला लागे, माझा काटा सरके, भुजंगराव आकडा वाचत आणि लगेच म्हणत, "क्रेटचे दोन वजा." माल तोलायचा तर ज्यात तो भरला त्याचे वजन धरायचे नाही, हा आमच्याकडचा रिवाज. हळदीचे पोते असो की केळीचे क्रेट, नियम एकच. व्यापारीही म्हणत, "भुजंगरावाचा काटा हाय, दुसऱ्यांदा बघायचं काम न्हाई." ते ऐकले की मला आणखी दहा क्रेट उचलावेसे वाटे.

पुढे बटणावर चालणारा, हिरवे आकडे दाखवणारा काटा आला आणि मी शेडमधल्या खिळ्याला लागलो. कडीवर गंज चढला. एका पालीने माझ्या पाठीमागे बिऱ्हाड थाटले. राग येई, पण सांगणार कोणाला?

गेल्या भाद्रपदात तो नवा काटा बिघडून दुरुस्तीला गेला. मला फार वाईट वाटले, असे काही मी म्हणणार नाही. त्याच आठवड्यात भुजंगरावांच्या लेकीला, तनुजाला, पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघायचे होते. भुजंगरावांनी मला पुसले, तेल दिले आणि घरात आणून झोपाळ्याच्या कडीला टांगले. तिथून स्वयंपाकघर समोरच दिसे.

बॅग भरणे म्हणजे काय असते, ते मी तेव्हा पाहिले. जाड कोट, औषधे, छोटा कुकर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या सुमनबाईंनी लोणच्याची बरणी आणली. "नको म्हणू नको, माय. तिकडं कोण देणार हाय तुला?" सगळ्यांत शेवटी तनुजाच्या आईने, सिंधुताईंनी, चार किलो ज्वारीचे पीठ ठेवले. लेक अकरावीपासून लातूरला शिकायला, खानावळीच्या डब्यावर वाढलेली. तिला चहासुद्धा उतू न घालता जमत नसे. पीठ दिले म्हणजे ती भाकरी कशी करणार, हे मात्र कोणी विचारले नाही.

विमानात तेवीस किलो नेता येतात, एवढे सगळ्यांना पाठ होते. भुजंगरावांनी बॅग माझ्या आकड्याला लावली. माझा काटा सत्तावीसवर थांबला.

"सत्तावीस. रिकामी बॅग चार किलोची, ती वजा. तेवीस! बसलं का न्हाई काट्यावर?"

सगळे खूश झाले. खरे सांगतो, मीही खूश झालो. जन्मभर असेच तोलत आलेल्या मला त्यात काही खटकले नाही.

निघायला दोन दिवस उरले, तेव्हा लातूरला तनुजाबरोबर शिकलेल्या औशाच्या आरतीचा फोन आला. तनुजा जर्मनीत ज्या गावी निघाली होती, तिथेच ती वर्षभरापूर्वी शिकायला गेली होती. भुजंगरावांनी मोठ्या रुबाबात तिला वजनाचा हिशोब सांगितला.

"काका, बॅग वजा करत न्हाईत," आरती म्हणाली. "बॅगसकट तेवीस. न्हाईतर विमानतळावर सगळ्यांसमोर उघडून काढावं लागतंय."

"असं कसं? रिकाम्या बॅगेचं वजन कामून धरून राहिले ते?"

पण धरतात, म्हणजे धरतात. चार किलो कमी करायचे होते. कोट काढून चालणार नव्हते, औषधेही नाहीत. सगळ्यांच्या नजरा पिठाच्या पिशवीवर गेल्या आणि सिंधुताईंचे डोळे भरले.

"पीठ काढलं तर पोरगी काय खाईल? उपाशी झोपली तर मला कळणार बी न्हाई."

"आई, तिथं दुकानात पीठ मिळतंय, आरतीनं सांगितलं," तनुजा हळूच म्हणाली. "मला करताच येत न्हाई, ही खरी गोष्ट हाय."

सिंधुताईंनी डोळे पुसले, स्वतःच पिशवी बाहेर काढली आणि पदर खोचला. "ऊठ. काठवट घे. हे पीठ इथंच संपवायचं."

त्या दोन दिवसांची गंमत काय सांगू! पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली. दुसरी एका बाजूने करपली. भुजंगराव मुकाट्याने खात होते, सुमनबाईंकडे चवड पोचत होती, आणि तिसऱ्या भाकरीनंतर दारचे कुत्रेही तोंड फिरवून बसले. तनुजाचे बोट भाजले. "कडंनं थाप, मधी पातळ करू नको," सिंधुताई पुन्हा पुन्हा सांगत. दुसऱ्या संध्याकाळी, पिशवीच्या तळाशी मूठभर पीठ राहिले असताना, एक भाकरी टम्म फुगली. सिंधुताईंनी ती चार तुकडे करून सर्वांना वाटली.

बॅग पुन्हा माझ्या आकड्याला लागली. बॅगसकट तेवीस. दुसऱ्या दिवशी सगळे तनुजाला हैदराबादच्या विमानतळावर पोचवून आले.

त्यानंतर आठ दिवस सिंधुताई अर्ध्या ताटावरूनच उठत. विचारले की म्हणत, "झालं माझं." नवव्या दिवशी दुपारी तनुजाचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या हातात वेडीवाकडी, पण फुगलेली भाकरी होती.

"दोन खाल्ल्या, आई. शेजारच्या खोलीतल्या पोरीला बी दिली."

फोन ठेवून सिंधुताई स्वयंपाकघरात गेल्या. स्वतःचे ताट वाढून घेतले आणि पोटभर जेवल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या काट्याला वर्षातून एकदा तेल द्या, एवढे पुरे. आणि तुम्ही दूर शिकायला जाणार असाल, तर दोन दिवस नव्हे, दोन महिने आधी चुलीपाशी बसा. तिकडे पोचलात की, "आई, मी जेवलो," असे रोज सांगा. आणि फोन ठेवण्याआधी विचारा, "तू जेवलीस का?"