अट सतरा

आसेगावात कोणाला बैल घ्यायचा असला, की आधी माझ्या नवऱ्याला बोलावणं येतं. हे दात मोजतात, शेपटी उचलून बघतात, दोन फेऱ्या पळवतात आणि मग मान हलवतात, "मले नाई पटला."

या चिकित्सक माणसानं मोबाइलवरच्या लिलावात बोली लावून मळणीचं जुनं थ्रेशर घेतलं. अटींची चाळीस पानं होती. यांनी एका बोटानं ‘मान्य’ दाबलं आणि चहा मागितला.

थ्रेशर आलं. फोटोतली बाजू लखलखीत होती. दुसऱ्या बाजूला गंज, आणि आत दाणे झोडपणारा ड्रमच नाही! फोन केला तर तिकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, अट सतरा. वस्तू जशी आहे तशी. तुम्ही मान्य केलंय."

"लुटारू साले! हा काय कायदा झाला?" असं बोंबलत हे गावभर आठ दिवस फिरले.

नवव्या दिवशी यांनी थ्रेशर धुतलं, त्याच बाजूनं फोटो काढला आणि त्याच लिलावात विकायला ठेवलं. त्याआधी मात्र चष्मा लावून चाळीसही पानं वाचली.

मी विचारलं, "काय लिवलं हाय त्यात?"

"लय न्यायाच्या अटी हायेत वं," हे म्हणाले.